ट्रिम करवतीच्या पात्याची जाडी

ट्रिम करवत हे खडे घडवण्याच्या कामात वापरले जाणारे, फिरत्या गोल पात्याचे लहान यंत्र आहे. दगडाच्या मोठ्या तुकड्यापासून पाडलेल्या लादीतून हव्या त्या आकाराचा तुकडा वेगळा करणे, त्याच्या कडा छाटणे आणि लहान कच्च्या खड्याचे दोन किंवा अधिक भाग करणे ही या करवतीची मुख्य कामे होत. तिच्या पात्याचा व्यास साधारणपणे १०० ते २५० मिमी (४ ते १० इंच) असतो. पात्याला लाकडाच्या करवतीसारखे दाते नसतात. त्याच्या कडेत बसवलेले हिऱ्याचे बारीक कण दगड घासून काढतात व त्यातून काप पडतो.

या पात्याची जाडी किती असावी हा खडे घडवणाऱ्यांपुढील नेहमीचा प्रश्न आहे. पातळ पाते कमी दगड वाया घालवते, परंतु ते सहज वाकते. जाड पाते सरळ चालते व अधिक काळ टिकते, परंतु कापाच्या रुंदीएवढा दगड चिखलात जातो. योग्य जाडी ही दगडाची किंमत, आकारमान, कठिनता, पात्याचा व्यास, दगड धरण्याची पद्धत आणि कारागिराचा सराव या सर्वांवर अवलंबून असते.

परिभाषा आणि मोजमाप

पात्यांची जाडी उत्पादक बहुधा इंचाच्या सहस्रांश भागांत देतात. यंत्रशाळेतील बोलीत या एककास ‘थाउ’ म्हणतात. एक थाउ म्हणजे ०.०२५४ मिमी. ट्रिम करवतीसाठी नेहमी आढळणारी मापे पुढीलप्रमाणे आहेत:

१२ थाउ: सुमारे ०.३० मिमी
२० थाउ: सुमारे ०.५१ मिमी
२५ थाउ: सुमारे ०.६४ मिमी
३२ थाउ: सुमारे ०.८१ मिमी
४० थाउ: सुमारे १.०२ मिमी
५० थाउ: सुमारे १.२७ मिमी

सुतार व लोहार वापरतात ते ‘सूत’ हे माप इंचाच्या आठव्या भागाएवढे असल्याने ३२ थाउचे पाते साधारण पाव सूत जाडीचे ठरते.

पात्याच्या संदर्भात तीन निरनिराळ्या जाड्या लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे मधल्या पोलादी चकतीची, अर्थात गाभ्याची जाडी. दुसरी म्हणजे हिरेयुक्त कडेची जाडी. कड गाभ्यापेक्षा किंचित जाड ठेवलेली असते, त्यामुळे गाभा दगडाला न घासता कापात मोकळा फिरतो. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष पडणाऱ्या कापाची रुंदी. पात्याची सूक्ष्म थरथर, दांड्यातील ढिलेपणा आणि दगडाची हालचाल यांमुळे कापाची रुंदी कडेच्या जाडीपेक्षा नेहमीच थोडी अधिक भरते. उत्पादकाने दिलेला आकडा गाभ्याचा आहे की कडेचा हे पाहिल्याशिवाय दोन पात्यांची तुलना करता येत नाही. शंका असल्यास सूक्ष्ममापीने गाभा व कड या दोन्ही ठिकाणी जाडी मोजतात, आणि टाकाऊ दगडावर एक काप घेऊन त्याची रुंदी तपासतात.

पात्याचे प्रकार

सलग कडेचे पाते: यात हिऱ्याचे कण आणि कांस्यासारख्या धातूची भुकटी यांचे मिश्रण दाब व उष्णता देऊन घट्ट केले जाते आणि त्याची कड पोलादी चकतीभोवती बसवली जाते. धातू झिजत जातो तसे आतील नवे कण उघडे पडतात. कडेची उंची संपेपर्यंत पाते काम देते. ट्रिम करवतीत हा प्रकार सर्वाधिक वापरला जातो.

खाचांच्या कडेचे पाते: पोलादी चकतीच्या कडेवर जवळजवळ बारीक चिरा पाडून त्यांत हिऱ्याची भुकटी भरतात व चिरा ठोकून बंद करतात. ही पाती मोठ्या व्यासांत अधिक आढळतात.

मुलामा दिलेले पाते: यात हिऱ्याचे कण निकेलच्या विद्युत्‌ मुलाम्याने चकतीवर चिकटवलेले असतात. कणांचा बहुधा एकच थर असल्याने तो झिजला की पाते निकामी होते. ही पाती सुरुवातीला वेगाने कापतात व स्वस्त असतात, परंतु कठीण दगडावर त्यांचे आयुष्य कमी असते.

पातळ पात्यांत हिऱ्याचे कणही बारीक वापरावे लागतात, कारण कडेच्या जाडीच्या मानाने कण मोठे असल्यास धातू त्यांना धरून ठेवू शकत नाही. यामुळे पातळ पात्याचा काप अधिक गुळगुळीत येतो आणि काठावरील टवके कमी उडतात. मात्र जाड कणांच्या पात्याएवढा रेटा ते सहन करीत नाही.

कापाची रुंदी आणि वाया जाणारा दगड

करवतीने कापताना कापाच्या रुंदीएवढा दगड भुकटी होऊन शीतकात मिसळतो व तो परत मिळत नाही. हा तोटा कापाची रुंदी आणि कापलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराएवढा असतो.

माणिक व नीलम ही कुरुविंद या खनिजाची रूपे असून त्यांची घनता प्रत्येक घन सेंटिमीटरला सुमारे ४ ग्रॅम आहे. अशा कच्च्या खड्यातून १० मिमी × १० मिमी पृष्ठाचा एक काप घेतल्यास ०.८ मिमी रुंदीच्या कापात ८० घन मिमी, म्हणजे ०.३२ ग्रॅम द्रव्य नष्ट होते. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम असल्याने हा तोटा १.६ कॅरट भरतो. तोच काप ०.३ मिमी रुंदीचा असल्यास तोटा ०.६ कॅरट होतो. एका कापात १ कॅरट कच्चा माल वाचतो. पैलू पाडताना कच्च्या मालाचा मोठा भाग पुन्हा घासला जात असल्याने हा सर्व फायदा तयार खड्यात उतरत नाही. तरीही मौल्यवान खड्यांसाठी पातळ पाती का वापरतात हे या हिशोबावरून स्पष्ट होते.

एकाच तुकड्यातून अनेक काप घ्यायचे असल्यास फरक आणखी ठळक होतो. २० मिमी जाडीच्या तुकड्यातून ३ मिमी जाडीचे काप काढायचे आहेत असे मानल्यास, ०.९ मिमी रुंदीच्या कापाने ५ तुकडे निघतात आणि उरलेला भाग पूर्ण तुकड्यास अपुरा पडतो. ०.४ मिमी रुंदीच्या कापाने त्याच जागेत ६ तुकडे बसतात. याउलट ५० मिमी जाडीच्या साध्या अकीकातून ५ मिमीच्या लाद्या काढताना ०.८ मिमी व १.३ मिमी या दोन्ही रुंदींना ८ लाद्याच मिळतात. अशा वेळी पातळ पाते घेऊन काहीही वाचत नाही. म्हणून पात्याची जाडी ठरवण्यापूर्वी प्रत्यक्ष किती तुकडे निघतील याचा हिशोब करणे उपयुक्त ठरते.

कापाची रुंदी कमी असण्याचा आणखी एक परिणाम असा की, काढून टाकावयाचे द्रव्य कमी असल्याने कमी शक्ती लागते व कमी उष्णता निर्माण होते. लहान मोटरच्या करवतीवर पातळ पाते अनेकदा हलके चालते ते याच कारणाने.

जाडी आणि ताठपणा

चकतीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. बाकी सर्व गोष्टी समान असताना ०.८ मिमी जाडीची चकती ०.३ मिमीच्या चकतीपेक्षा जवळजवळ १९ पट ताठ असते. हाताने दगड पुढे ढकलताना तो थोडा तिरका झाला, तर पात्यावर बाजूने जोर पडतो. जाड पाते हा जोर सहन करते. पातळ पाते मात्र वळते, काप तिरका जातो, आणि दगड परत सरळ करण्याच्या प्रयत्नात पाते कापात अडकते. एकदा पोलाद कायमचे वाकले की ते पाते पुन्हा पूर्णपणे सरळ होत नाही.

ताठपणा केवळ जाडीवर अवलंबून नसतो. पात्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फ्लँजच्या बाहेर किती भाग मोकळा आहे यावरही तो ठरतो. १५० मिमीच्या पात्यावर ५० मिमी व्यासाचे फ्लँज असल्यास ५० मिमी पाते मोकळे राहते; ९० मिमी व्यासाचे फ्लँज लावल्यास केवळ ३० मिमी. मोकळा भाग कमी झाल्याने कापाची कमाल खोली घटते, परंतु तेच पातळ पाते अधिक सरळ चालते. मौल्यवान खडे बहुधा लहानच असतात, त्यामुळे खोलीतील ही घट त्या कामात अडचणीची ठरत नाही.

याच कारणामुळे व्यास व जाडी यांची सांगड घातली जाते. व्यास वाढला की जाडीही वाढवावी लागते. साधारणपणे १५० मिमीच्या पात्यांची जाडी ०.३ ते ०.८ मिमी असते, २५० मिमीच्या पात्यांची ०.८ ते १.३ मिमी असते, आणि लाद्या पाडणाऱ्या मोठ्या करवतींत ६०० मिमी व्यासाच्या पात्यांची जाडी सुमारे २ मिमी किंवा त्याहून अधिक असते.

निवडीचे निकष

दगडाचे मूल्य: साधा अकीक, जास्पर किंवा अश्मीभूत लाकूड कापताना वाया जाणाऱ्या दगडापेक्षा पात्याची झीज व वेळ यांचा खर्च अधिक महत्त्वाचा असतो. अशा कामास जाड पाते योग्य ठरते. माणिक, नीलम, पाचू, उत्तम ओपल यांसारख्या खड्यांत वाया जाणारे द्रव्य पात्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

दगडाचे आकारमान: तुकडा जितका जाड, तितका वेळ पाते कापात राहते आणि किंचितशी दिशाचूकही तितकी वाढत जाते. जाड तुकड्यासाठी जाड पाते व बारीक तुकड्यासाठी पातळ पाते हा सर्वसाधारण नियम आहे.

कठिनता आणि चिवटपणा: हे दोन गुणधर्म एकच नव्हेत. मोस मापप्रमाणावर क्वार्ट्झची कठिनता ७ व कुरुविंदाची ९ आहे. नेफ्राइट जेडची कठिनता ६ ते ६.५ असली तरी त्यातील तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ते अत्यंत चिवट असते व सावकाश कापले जाते. चिवट दगडात कारागीर नकळत अधिक जोर लावतो, म्हणून तेथे फार पातळ पाते धोक्याचे ठरते.

पाटन आणि भेगा: पुष्कराज, फ्ल्युओराइट यांसारखी खनिजे ठरावीक पातळ्यांवर सहज फुटतात. अशा खड्यांत पातळ, बारीक कणांचे पाते व अतिशय हलका दाब वापरल्यास थरथर कमी होते व खडा दुभंगण्याचा संभव घटतो.

दगड धरण्याची पद्धत: हाताने धरलेला दगड पूर्णपणे सरळ पुढे सरकत नाही. शिकंजात पकडून सरकपट्टीवरून पुढे नेलेला दगड सरळ सरकतो. शिकंजा असल्यास पात्याची जाडी एक पायरी कमी करता येते.

पृष्ठभागाचा आकार: गोलसर किंवा तिरक्या पृष्ठावर पाते टेकताच ते बाजूला घसरते. त्या क्षणी पातळ पाते वाकण्याचा धोका सर्वाधिक असतो. अशा दगडाला आधी घासून लहान सपाट जागा करून घेतात, किंवा पहिला काप जाड पात्याने घेतात.

कारागिराचा सराव: नवशिक्यांसाठी ०.६ ते ०.८ मिमी जाडीची पाती सोयीची असतात. हाताला सरळ व एकसारखा रेटा देण्याची सवय झाल्यावर ०.५ मिमी आणि त्यानंतर ०.३ मिमीकडे जाणे हा रूढ क्रम आहे.

यंत्राची स्थिती: पाते बसवण्याचा दांडा वाकलेला असल्यास, त्याचे बेअरिंग झिजलेले असल्यास किंवा फ्लँजवर गंज व मळ असल्यास पाते डुलत फिरते. डुलणारे पातळ पाते रुंद काप पाडते, त्यामुळे त्याचा मूळ फायदाच नाहीसा होतो.

जाडीनुसार उपयोग

०.३ मिमी व त्याहून कमी: पैलू पाडावयाच्या मौल्यवान कच्च्या खड्यांचे विभाजन, लहान ओपल. केवळ सरळ काप, हलका दाब व सरावलेला हात आवश्यक.

०.४ ते ०.५ मिमी: ओपल, पिरोजा, ॲमेथिस्ट, गार्नेट यांचे लहान तुकडे आणि पातळ लाद्यांतून कच्चे आकार काढणे.

०.६ मिमी: मिश्र कामासाठी मध्यम जाडी. १५० मिमीच्या करवतीवर एकच पाते ठेवायचे असल्यास ही जाडी बहुतेक कामांना पुरते.

०.८ मिमी: अकीक, जास्पर, जेड यांच्या लाद्यांतून कॅबोशाँसाठी तुकडे छाटणे, शिक्षणसंस्था व मंडळांच्या सामाईक करवती.

१ मिमी व त्याहून अधिक: २०० ते २५० मिमी व्यासाच्या करवतीवर लहान गोट्यांच्या लाद्या पाडणे, खनिज-नमुन्यांभोवतीचा खडक छाटणे.

काही दगडांची विशेष गरज

ओपल: याची कठिनता ५.५ ते ६.५ असून त्यात पाण्याचा अंश असतो. उष्णतेने त्यावर जाळीदार भेगा पडतात. मौल्यवान ओपलातील रंगखेळ दाखवणारा थर कधी कधी १ मिमीहूनही पातळ असतो; ०.८ मिमीचा काप अशा थरात गेल्यास तो जवळजवळ पूर्ण नष्ट होतो. म्हणून पातळ पाते व भरपूर पाणी वापरतात, आणि थर फारच पातळ असल्यास करवत न लावता केवळ घासकाम करतात.

पिरोजा आणि लाजवर्द: हे दगड सच्छिद्र असतात. तेल शोषल्याने त्यांचा रंग बिघडतो, म्हणून ते पाण्यावर कापतात. कठिनता कमी असल्याने मध्यम व पातळ दोन्ही पाती चालतात.

अकीक: तो कठीण असला तरी एकजिनसी व चांगला कापला जाणारा दगड आहे. पोकळी किंवा स्फटिकांची खोबण असलेल्या गोट्यांत मात्र पाते पोकळीच्या पलीकडील भिंतीवर तिरके टेकते, त्यामुळे तेथे जाड पाते सुरक्षित असते.

मॅलॅकाइट: हा ३.५ ते ४ कठिनतेचा मऊ दगड आहे, परंतु त्यात तांबे असल्याने त्याची भुकटी शरीरास अपायकारक असते. तो नेहमी ओलाच कापावा लागतो.

वेग, शीतक आणि दाब

कापण्याच्या दृष्टीने मिनिटातील फेऱ्यांपेक्षा कडेचा वेग महत्त्वाचा असतो. मिनिटाला २,५०० फेऱ्या असताना १०० मिमीच्या पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १३ मीटर, १५० मिमीच्या पात्याचा सुमारे २० मीटर आणि २५० मिमीच्या पात्याचा सुमारे ३३ मीटर असतो. एकाच यंत्रावर निरनिराळ्या व्यासांची पाती लावताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा ओलांडणे धोकादायक असते. अतिशय पातळ पाती मुळीच न डुलता फिरतात की नाही हे काम सुरू करण्यापूर्वी पाहतात.

शीतकाची कामे तीन आहेत: उष्णता वाहून नेणे, भुकटी कापातून बाहेर काढणे आणि वंगण पुरवणे. पातळ चकतीत उष्णता साठवण्यास धातू कमी असल्याने ती लवकर तापते. कड गाभ्यापेक्षा जास्त तापल्यास ती प्रसरण पावते व पाते थाळीसारखे एका बाजूस फुगते. ट्रिम करवतीत बहुधा गंजरोधक मिसळलेले पाणी किंवा हलके खनिज तेल वापरतात. पूर्वी रॉकेल मिसळलेले तेलही वापरत असत, परंतु आग व वाफांच्या धोक्यामुळे ती पद्धत मागे पडली. पाण्यावर काम झाल्यावर टाकी रिकामी न केल्यास पात्याचा बुडलेला भाग गंजतो. पातळ गाभ्याला गंज अधिक लवकर कमकुवत करतो.

दाब एवढाच द्यावा लागतो की पात्याचा वेग कमी होऊ नये. काप संपत येताना दाब आणखी कमी करतात, अन्यथा शेवटचा भाग मोडून काठावर टोक राहते. गोल पात्याने वक्र काप घेता येत नाही. वक्र आकार हवा असल्यास अनेक सरळ काप घेऊन जवळचा बहुभुज आकार साधतात व उरलेला भाग घासून काढतात.

नेहमीचे दोष आणि त्यांची कारणे

पाते थाळीसारखे फुगणे: बाजूचा जोर, शीतकाचा अभाव किंवा कामाच्या मानाने फार पातळ पाते.

काप तिरका जाणे: दगड वाकडा धरणे, कडेची एकच बाजू झिजलेली असणे किंवा सरकपट्टी पात्याला समांतर नसणे.

कापण्याचा वेग मंदावणे: कडेतील हिऱ्यांवर धातूचा लेप चढून पाते गुळगुळीत पडणे. कठीण, एकजिनसी दगडावर हे लवकर घडते. वाळूची वीट किंवा मऊ अपघर्षक दगडात काही काप घेतल्यास वरचा धातू झिजून नवे कण उघडे पडतात. कंटाळून दाब वाढवणे हा उपाय नव्हे. पातळ पाती बहुतेक वेळा यामुळेच वाकतात.

काठावर टवके उडणे: मोठे कण, डुलणारे पाते किंवा अतिरिक्त दाब.

कण लवकर गळणे: पाते उलट दिशेने बसवणे. प्रत्येक कणाच्या मागे धातूची आधार देणारी शेपटी तयार झालेली असते. दिशा बदलल्यास हा आधार समोर येऊन झिजतो व कण सुटतो. म्हणूनच पात्यावरील बाणाची दिशा पाळतात.

आरोग्य आणि सुरक्षितता

अकीक, जास्पर, ॲमेथिस्ट, ओपल हे सर्व सिलिकेचे प्रकार आहेत. त्यांपैकी क्वार्ट्झ गटातील दगडांची कोरडी, बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसांत साचल्यास सिलिकोसिस हा असाध्य विकार होतो. स्फटिकी सिलिकेची श्वसनयोग्य धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या गटात समाविष्ट केली. गुजरातमधील खंभात येथील अकीक कारागिरांमधील सिलिकोसिसचा अभ्यास अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला आहे. तेथील धोका मुख्यतः कोरड्या घासकामातून उद्‌भवलेला असून घरातून चालणाऱ्या या व्यवसायात कुटुंबातील इतर माणसे व शेजारीही धुळीच्या संपर्कात येतात.

ओला काप धूळ मोठ्या प्रमाणात रोखतो, परंतु पूर्णपणे नाही. फिरत्या पात्यावरून उडणाऱ्या तुषारांतही भुकटी असते. पात्यावरील झाकण, योग्य दर्जाचा श्वसनमुखवटा, चष्मा आणि खेळती हवा आवश्यक असते. यंत्रावर व जमिनीवर सांडलेला चिखल वाळण्यापूर्वी पुसून काढतात, कारण वाळल्यावर त्याचीच धूळ होते. कापाची रुंदी कमी असल्यास भुकटीचे एकूण प्रमाणही कमी होते, परंतु पातळ पाते हे या संरक्षणाला पर्याय ठरत नाही. दाते नसलेले पाते लाकडाच्या करवतीपेक्षा कमी भयंकर दिसते. तरीही त्याने जखम होऊ शकते, आणि अडकलेला दगड हातातून हिसकला जाऊ शकतो.

पूर्वपीठिका

हिऱ्याची पाती येण्यापूर्वी दगड सुट्या अपघर्षकाच्या साहाय्याने कापले जात. धनुष्याला ताणलेली तार किंवा दाते नसलेली लोखंडी चकती फिरवून तिच्याखाली कुरुंदाची भुकटी व पाणी किंवा चिखल सोडत असत. कापण्याचे काम सुटे कण करीत, चकती त्यांना केवळ ओढून नेई. कणांना फिरण्यास दोन्ही बाजूंना जागा लागत असल्याने काप चकतीपेक्षा बराच रुंद पडे. हिऱ्याचे कण कडेतच बांधून ठेवता येऊ लागल्यावर कापाची रुंदी पात्याच्या जाडीच्या जवळ आली आणि पातळ पाते वापरण्याला खरा अर्थ प्राप्त झाला.

खंभात येथे अकीकाचे मणी घडवण्याची जुनी परंपरा आहे. तेथे येणारा अकीक प्रामुख्याने भरूच जिल्ह्यातील रतनपूर परिसरात मिळतो. पारंपरिक पद्धतीत गोटा जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर टेकवून शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने त्याचे कपचे काढतात. या पद्धतीत कापाची रुंदी हा प्रश्न नसतो, मात्र कपच्यांच्या रूपाने दगड वाया जातो.

महाराष्ट्राचा मोठा भाग व्यापणाऱ्या दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत अकीक, कॅल्सेडोनी, ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखी झिओलाइट खनिजे सापडतात. नाशिक, जळगाव व पुणे जिल्ह्यांतील असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. नमुन्याखालील बेसाल्ट छाटण्यासाठी करवत वापरल्यास जाड पाते घेतात, कारण खडक कठीण व बेढब असतो आणि त्याचे स्वतःचे मूल्य नसते. तेलाचे डाग स्फटिकांवर राहू नयेत म्हणून शीतक पाणीच असते. ॲपोफिलाइट व स्टिल्बाइट यांचे पाटन उत्तम असल्याने करवतीच्या थरथरीने स्फटिक सुटण्याचा धोका असतो. नाजूक नमुन्यांसाठी म्हणूनच दाबयंत्राने खडक फोडण्याची पद्धत अनेकदा पसंत केली जाते.

इतर करवतींशी तुलना

हिरे कापण्याच्या पारंपरिक करवतीत फॉस्फर-ब्राँझची, केवळ ०.०५ ते ०.१५ मिमी जाडीची चकती हिऱ्याच्या भुकटीचा लेप लावून वापरतात. एवढी पातळ चकती चालू शकते, कारण हिरा पकडीत घट्ट बसवलेला असतो, फ्लँज मोठे असतात आणि काप अत्यंत सावकाश घेतला जातो. हल्ली या कामी लेसरचा वापर सर्वत्र आढळतो. अर्धवाहक उद्योगात वापरल्या गेलेल्या अंतर्धार करवतीत हिरेयुक्त कड चकतीच्या मधल्या छिद्राच्या काठावर असते व चकती बाहेरच्या परिघावर ताणून बसवलेली असते. या ताणामुळे पातळ चकतीलाही ताठपणा मिळतो. तारेच्या करवतीतही ताणाचेच तत्त्व असून तिने वक्र काप घेता येतो. ट्रिम करवतीच्या पात्याला असा बाहेरचा ताण नसतो. त्याला ताठपणा देणाऱ्या गोष्टी तीनच आहेत: स्वतःची जाडी, फ्लँजचा आधार आणि दगड सरळ पुढे नेणारा हात किंवा शिकंजा. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी जितक्या चांगल्या, तितकी पहिली कमी करता येते.